आकडे वाचायला शिकवलं होतं तुला

बस खाली. आधी ती पिशवी उघड आणि मासेमारीच्या रॉडचे दोन्ही तुकडे टेबलावर ठेव. "सर, कंपनीचा माल फालतू निघाला," हे तू दारातूनच सांगत आलास. माल फालतू आहे की वापरणारा बेफिकीर आहे, ते आपण आता पाहू.

मुठीच्या वर, दांड्यावर बारीक अक्षरं छापली आहेत. मोठ्याने वाच. लांबी साडेसहा फूट. लूर २ ते १० ग्रॅम. लाईन ४ ते ८ पौंड. आता तू काय बांधलं होतंस ते सांग. चौदा ग्रॅमचा नकली बेडूक, फ्रॉग, आणि मित्राच्या रीलवरून उतरवून घेतलेली चाळीस पौंडांची विणलेली लाईन, ब्रेड. म्हणजे लूर जवळपास दीडपट आणि लाईन पाचपट.

तू चाकणला क्वालिटीत कामाला आहेस. ड्रॉइंगवर पंचवीस लिहिलेलं असताना जॉब पंचवीस दशांश एक भरला, तर तू तो बाजूला काढतोस आणि सेटरला जाब विचारतोस. आयटीआयत दोन वर्षं माझ्या हाताखाली होतास, तेव्हा व्हर्नियर धरायला मीच शिकवलं. मग कंपनीच्या गेटबाहेर पडल्यावर मोजमाप संपतं का? हा छापील आकडा म्हणजे या रॉडचं ड्रॉइंग आहे. ते न वाचता तू तीन हजार रुपये दिलेस, आणि कशाला पाहून? मोबाईलवर कुणीतरी असाच रॉड वाकवून मोठा मासा काढला म्हणून.

हलका रॉड म्हणजे कमजोर रॉड, असा तुझा समज झालेला दिसतो. तो आधी डोक्यातून काढ. लूर टाकताना त्याचं वजन रॉडला मागे वाकवतं. तो वाक सुटला की लूर पुढे जातो. ही सगळी स्प्रिंगची करामत आहे. जाड रॉडला तीन ग्रॅमचा स्पिनर बांधलास तर तो रॉड वाकतच नाही आणि स्पिनर पायाशी पडतो. म्हणून छोट्या लूरसाठी हलका रॉड करावा लागतो. त्याच रॉडवर चौदा ग्रॅम टाकलेस की प्रत्येक फेकीला तू त्याच्या सोसण्याच्या पलीकडे ताण देतोस. तो पहिल्या फेकीला मोडत नाही, पण झालेली इजा विसरतही नाही.

दुसरी गोष्ट. रॉडची ताकद वेगळी आणि त्याचा वाक वेगळा. ताकद म्हणजे किती जोर लावल्यावर तो वाकतो. ॲक्शन म्हणजे तो कुठे वाकतो. फास्ट रॉड वरच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकतो, मॉडरेट निम्म्यापर्यंत, स्लो अगदी मुठीपर्यंत. एका हुकाच्या जिगला फास्ट चांगला, कारण हिसका चटकन पोचतो. तीन काट्यांच्या बारक्या स्पिनरला थोडा मऊ वाक लागतो, नाहीतर माशाचं तोंड फाटून काटा निसटतो. दुकानात तू यातलं काय विचारलंस? रंग विचारलास. आणि त्यावर '३० टन कार्बन' लिहिलंय म्हणून तो जास्त मजबूत, हे तू मला सांगितलंस. हे ऐकून मला खरोखर वाईट वाटलं. तो आकडा मॉड्युलसचा आहे. मॉड्युलस म्हणजे ताठपणा, मजबुती नव्हे. हे मी तुला फळ्यावर आलेख काढून शिकवलंय. आकडा जितका चढता, तितका रॉड हलका आणि ताठ करता येतो, पण दगडाचा एक टोला, बाईकवरचा एक ओरखडा त्याला पुरतो. ग्लास फायबरचा रॉड जड असतो, पण नवशिक्याच्या चुका पोटात घालतो. तुला पहिल्या वर्षी ग्लासचा किंवा दोन्ही मिसळलेला रॉड शोभला असता.

आता तो मोडला कसा, ते तुझ्याच तोंडून आलेल्या हकिगतीवरून सांगतो. मरळीने फ्रॉग घेतला आणि ती जलपर्णीखाली घुसली. तू रीलचा ड्रॅग आवळून बंद केला होतास. मग रॉड डोक्यावर उभा केलास. रॉड नव्वद अंशांच्या पलीकडे उभा केला की सगळा ताण बुडाकडून निघून शेंड्यावर येतो, आणि शेंडा हा त्याचा सर्वांत बारीक भाग. चार ते आठ पौंडांची लाईन असती तर लाईन आधी तुटली असती आणि रॉड वाचला असता. फ्यूजच्या जागी तू जाड तार बसवलीस, म्हणून मोटर जळली. ड्रॅग कशासाठी असतो? ताण वाढला की लाईन सुटावी म्हणून. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या जरा वर. ड्रॅग त्याच्या चौथाईवर, नऊशे ग्रॅमच्या आसपास सुटायला हवा. स्प्रिंगचा काटा लाईनला अडकवून ओढायचा आणि पाहायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

पण रॉड मोडल्याचं मला दुःख नाही. रॉड उद्या दुसरा येईल. कार्बनच्या फुटक्या कडेवर लाईन कापली गेली आणि मरळ तो फ्रॉग तोंडात घेऊन गेली. दोन टोकांचा काटा, त्याला उलटा दात, मागे पंधरा हात ब्रेड. ती ब्रेड जलपर्णीत गुंतेल. मासा तिथेच अडकून मरेल, आणि त्याच दोऱ्यात उद्या एखादा बगळा पाय अडकवेल. ही गोष्ट सांगताना तुझा आवाज रॉडच्या किमतीपाशी कापरा झाला, माशापाशी नाही. म्हणून मी तुला इथे बसवून ठेवलंय.

आणि त्याआधी तू काय म्हणालास ते मी ऐकलंय. पाण्यावर पिल्लांचा केशरी घोळका दिसला, म्हणून नेम धरून तिथेच फ्रॉग टाकला. मरळ पावसाळ्यात वीण घालते. आईबाप पिल्लांभोवती पहारा करतात. घोळक्यावर काही पडलं की ते भुकेने नाही, पिल्लं वाचवायला झडप घालतात. त्या झडपेला तू 'काय हिट मिळाली' म्हणतोस! राखणदार गेला की तो घोळका इतर माशांच्या आणि पाखरांच्या तोंडी जातो. हे पुन्हा कधी केलंस तर माझ्या दारात रॉड घेऊन येऊ नकोस.

चऱ्होलीच्या नदीचं पाणी तू लहानपणापासून पाहतोस. बुद्रुक अलीकडे, खुर्द पलीकडे, वर आळंदी, खाली तुळापूरला भीमेचा संगम. आळंदीला या नदीवर फेस चढलेला दरवर्षी बातम्यांत दिसतो. चऱ्होलीपाशी उन्हाळ्यात जलपर्णीने पाणी झाकून जातं. अशा कमी प्राणवायूच्या पाण्यातही मरळ तग धरते, कारण ती वर येऊन हवा घेते. इतकं सोसून जगलेल्या जिवाशी माणसाने निदान नीट सामना करावा. या जलपर्णीत फ्रॉग टाकायचा असेल तर हेवी किंवा मीडियम हेवी रॉड, जाड ब्रेड आणि आवळलेला ड्रॅग लागतो, म्हणजे मासा चटकन बाहेर येतो आणि सोडता येतो. तिथे हलका रॉड नेणं हा गुन्हा आहे. हलक्या रॉडला उघडं पाणी हवं. चिलापी, बारकी मरळ, छोटा स्पिनर, दोन-तीन ग्रॅमचा जिग, अशी त्याची दुनिया आहे. आधी पाणी पाहायचं, मग मासा ठरवायचा, मग लूर, मग लाईन आणि सगळ्यात शेवटी रॉड. तू शेवटापासून सुरुवात केलीस.

उघडं पाणी म्हणून भामा-आसखेडला किंवा चासकमानला जाशील, तर तिथेही आधी विचार. अशा जलाशयांत मासेमारीचा ठेका दिलेला असतो, सहकारी संस्थांची पोटं त्यावर असतात. परवानगी घे आणि दिलेल्या जागीच उभा राहा. देहू-आळंदीच्या घाटांपाशी गळ टाकायचा नाही. तिथे वारकरी माशांना लाह्या घालतात, त्या श्रद्धेत आपला काटा नको. आणि याच नदीखोऱ्यातल्या माशांची किंमत तुला माहीत नसेल तर ऐक. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याच्या नदीतल्या महसीरचं वर्णन केलं आणि शास्त्रीय नावात इथल्या बोलीतला 'खुद्री' हा शब्द ठेवला. तीच जात टिकावी म्हणून लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांच्या वीजकंपनीने १९७० च्या दशकापासून पिल्लं वाढवली. कुणी पन्नास वर्षं पिल्लं वाढवतो, आणि कुणी घोळक्यावर नेम धरतो. तू कुठल्या बाजूला उभा राहणार, ते ठरव.

अजून एक, आणि हे मी सर्वांत कडक शब्दांत सांगतो. नदीवरच्या तुझ्या फोटोत मागे विजेच्या तारा दिसतात. कार्बनमधून वीज वाहते. साडेसहा फुटांचा रॉड, वर उगारलेला हात, आणि ओली माती पायाखाली. तारेला चिकटायचीही गरज नसते, उच्च दाबाची वीज जवळ आल्यावरही झेप घेते. तारांखाली रॉड जोडायचाच नाही. ढग गडगडले की रॉड खाली ठेवून निघायचं. तुझी आई मला वाटेत भेटते. तिला मी काय उत्तर देणार होतो?

आता नवीन रॉड घेशील तेव्हा असा घे. काठावर बाभळी आणि झुडपं असतात, म्हणून सहा ते साडेसहा फूट. जलाशयाच्या मोकळ्या काठावर सात चालेल. लूर २ ते १० ग्रॅम. रील १००० ते २५०० मधला, आणि तो जोडून रॉड एका बोटावर तोलून बघ. रीलच्या जरा पुढे तोल यायला हवा, शेंडा सारखा खाली ओढत असेल तर मनगट संध्याकाळपर्यंत भरून येईल. प्रत्येक कडीतून कापूस फिरव. कुठे धागा अडकला तर आतली सिरॅमिकची रिंग तडकलेली आहे, आणि ती लाईन कापणार. दोन तुकड्यांचा सांधा घट्ट बसतो का, शेंड्यापासून बुडापर्यंत कड्या एका रेषेत आहेत का, हे डोळा लावून पाहा. हे सगळं तुला येतं. लेथवर तू हेच करायचास. काट्याचा उलटा दात पक्कडीने दाबून सपाट कर, म्हणजे माशाला सोडताना जखम वाढत नाही.

रॉडचे तुकडे इथेच राहू देत. पुढच्या बॅचला दाखवायला मला ते लागतील.

रविवारी सकाळी सहाला नदीवर ये. रॉड आणू नकोस. पक्कड, कात्री आणि एक रिकामं पोतं आण. तू जिथे उभा होतास तिथून सुरुवात करू, आणि काठाला अडकलेली लाईन, काटे, प्लास्टिकचे लूर, जे जे हाताला लागेल ते गोळा करू. तुझा फ्रॉग सापडला तर देवाचे आभार मान. पोतं भरलं की तू मला पाण्याकडे बघून सांगशील, इथे कुठला मासा, कुठला लूर, किती पौंडांची लाईन. उत्तर बरोबर आलं तर आपण दोघं दुकानात जाऊ. चुकलं, तर पुढच्या रविवारी पुन्हा पोतं.