तळातला रुपया

शिनोलीतल्या एका घरात दोन जावा होत्या. घर घोडेगावाहून डिंभ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच. श्रावणात भीमाशंकरला निघालेल्या गाड्यांचे हॉर्न थेट ओट्यापाशी ऐकू यायचे. थोरली जाऊ तोंडाची फटकळ. गोठ्यात पेंड संपली, बोलली. दूध घालून आलेल्या माणसाने पावती हरवली, बोलली. मनात काही ठेवायचं तिला ठाऊकच नव्हतं. धाकटी हसतमुख, हौशी. बचत गटात साठवलेल्या पैशातून तिने मंचरच्या बाजारातून स्टीलचं वाफेचं पात्र आणलं होतं. खाली पाण्याचं भांडं, वर जाळीचे तीन मजले, काचेचं झाकण.

दुकानदाराने चुंबक लावून दाखवला होता. चिकटला नाही, म्हणजे अस्सल माल! ही परीक्षा बाजारात सगळीकडे चालते, पण ती खरी नव्हे. निकेल कमी घातलेलं स्वस्तातलं स्टीलही चुंबकाला दाद देत नाही. उलट १९९२ पासून निघालेला आपला रुपया स्टेनलेस स्टीलचाच, पण त्याला चुंबक लगेच धरतो. असो. भांडं मात्र खरंच चांगलं निघालं.

नागपंचमीला ते पहिल्यांदा चुलीवर चढायचं होतं. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून पुरणाची दिंडं. कणकेच्या पोळीवर पुरण ठेवून चौकोनी घडी घालायची आणि वाफवायची. आजवर ती पितळी पातेल्यात होत. वर चाळण, चाळणीत जुन्या लुगड्याचं ओलं फडकं, झाकणाला ताट आणि ताटावर वरवंटा. एका घाण्यात दहा-बारा. माहेरवाशिणी आल्या, की सकाळ त्यातच जायची.

धाकटी सासूबाईंना म्हणाली, “आत्या, आज एकाच घाण्यात उरकते की नाही बघा.”

एरवी थोरली लगेच म्हणाली असती, तीनही मजले एकदम भरू नको, पाणी आणखी घाल. त्या दिवशी ती काही बोलली नाही. खाली मान घालून पुरण वाटत राहिली. आवणीपासून ती अशीच होती. चिखलात भात लावताना दुधाच्या पैशांवरून ती नवऱ्याला काहीतरी बोलली आणि तो चार मजुरांदेखत म्हणाला, “तुझं तोंड कधी बंद असतं का?” तेव्हापासून ते बंद होतं. घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं होतं. सासऱ्यांनी तर पारावर सांगितलंही, यंदा घरात शांतता आहे.

सासूबाईंनी एक रुपया घासूनपुसून धाकटीच्या हातात दिला. “हा तळात टाक. पाणी उकळतंय तोवर खडखडत राहील.”

धाकटीने टाकला. पाणी मात्र बोटभरच घातलं, लवकर उकळावं म्हणून. तीनही मजले दाटीवाटीने भरले आणि झाकण ठेवलं. रुपया खडखडू लागला. तिला त्या आवाजाचा वैताग आला, पण बोलायची सोय नव्हती. मधूनमधून झाकण उचलून ती बघत राहिली, शिजलं का. बघितलं की वाफ भसकन बाहेर. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला शंभर कॅलरी उष्णता लागते. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४०. पदार्थावर बसून पुन्हा पाणी होताना वाफ ती सगळी उष्णता त्याला देते. झाकण उघडलं की हे भांडवल आढ्याला जातं. शिवाय खालचे दोन मजले गार आणि गच्च भरलेले. वाफेचं पाणी आधी त्यांच्यावरच होणार, वरच्यांना मिळणार काय?

मग वारुळाला जायची हाक आली. धाकटी पूजा करून, झोक्यावर दोन झोके घेऊन परतली तेव्हा स्वयंपाकघर शांत होतं. “चला, थांबली एकदाची कटकट,” ती म्हणाली आणि पदर खोचला.

झाकण उघडलं तर वरची दिंडं कच्ची, खालच्यांना करपट वास. तळ निळा-तांबूस झालेला. स्टीलमधून उष्णता सावकाश पसरते. पाणी असेतोवर ते तळाला सांभाळून घेतं. ते आटलं की पातळ तळ आचेवर जागच्या जागी पेटल्यासारखा तापतो. तवा ठेवायचा नाही, तळायचं नाही, म्हणजे बिघडलेलं सावरायलाही पुन्हा वाफच. थोरलीने न बोलता पितळी पातेलं उतरवलं आणि पाणी चढवलं.

धाकटीचे डोळे भरून आले. “आत्या, तुम्ही सांगितलं नाहीत मला.”

“रुपया सांगत होता की. तो गप्प झाला तेव्हा तुला वाटलं, बरं झालं,” सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून थोरलीकडे बघत म्हणाल्या, “मलापण महिनाभर बरंच वाटत होतं.”

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी थोरल्या मुलाला आणि त्याच्या वडलांना ओसरीवर बसवलं आणि सुनेला म्हणाल्या, “आवणीच्या दिवशी काय बोलत होतीस ते पुरं कर.” बराच वेळ ती उठूच पाहत होती. एकदा सुरू झाली, तेव्हा मात्र थांबेना. धारा ती काढते, शेणघाण ती करते, आणि दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं ते कितीचं, हे तिला शेजारणीकडून कळतं. मुलीच्या फीला शंभर रुपये मागायचे तर दोनदा विचारावं लागतं. मागणी एवढीच होती, की बिल तिच्यासमोर वाचावं.

नवरा म्हणाला, “मग हे आधी सांगायचं नाहीस का?”

त्यावर धाकटीच बोलली, “दादा, ताई दोन वर्षं सांगतायत.”

त्या महिन्यापासून बिल ओसरीवर वाचलं जातं. थोरली पुन्हा पूर्वीसारखी फटकळ झाली आहे आणि सासरे पारावर शांततेचं कौतुक सांगत नाहीत. वाफेचं पात्रही वापरात आहे. तळाचा निळा डाग लिंबाने थोडा गेला, थोडा राहिला. त्याने अपाय काही नाही. तुम्ही असं पात्र घेणार असाल तर जाळीला टेकणार नाही इतपत पण भरपूर पाणी घाला, ते उकळल्यावरच मजले चढवा, दोन दिंडांमध्ये बोटभर जागा सोडा, आणि मध्ये पाणी घालावं लागलं तर उकळतंच घाला.