साधूमासा आणि आपली शंका

१५५४ साली फ्रान्समधल्या ल्योंला माशांवरचं एक जाडजूड लॅटिन पुस्तक छापलं गेलं. लेखक गियोम राँदले, माँपेलिएला वैद्यक शिकवणारा प्राध्यापक. माणूस पक्का. मासे स्वतः चिरून आतले अवयव तपासणारा. त्याच्या पुस्तकातले कित्येक मासे आजही नुसत्या चित्रावरून ओळखता येतात.

त्याच पुस्तकात दोन विचित्र प्राणी आहेत. एकाचं डोकं मुंडण केलेल्या ख्रिस्ती साधूसारखं. दुसऱ्याच्या डोक्यावर बिशपची उंच टोपी.

राँदलेने हे दोन्ही पाहिले नव्हते. साधूमाशाचं चित्र त्याला नाव्हारची राणी मार्गरित हिच्याकडून मिळालं होतं, बिशपमाशाचं एका डॉक्टरकडून. तसं त्याने लिहिलंही. बिशपमासा खरा की खोटा, याचा निवाडा मी करत नाही, हेही सांगून टाकलं. १५५८ मध्ये झुरिकच्या कॉन्राड गेस्नरने ती चित्रं आपल्या प्राणिकोशात घेतली, तीही राँदलेचा हवाला देऊन. पुढे ती पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिली.

मग राँदलेचं चुकलं काय? तो एक शब्द खोटं बोलला नव्हता.

हा प्रश्न मला टोचतो, कारण पुराच्या दिवसांत मीही असंच केलं होतं. रस्त्यावर आलेल्या मगरीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘खात्री नाही, आलं तसं पाठवतोय.’ तासाभरात तो फोटो मावशीच्या सोसायटीच्या ग्रुपवर होता. माझी ओळ गळली होती. तिच्या जागी होतं, ‘आमच्या इंजिनिअर भाच्याने पाठवलंय.’

तेव्हा कळलं, शंका शब्दांत राहते आणि चित्र एकटंच प्रवासाला निघतं. कोडमधल्या कॉमेंटसारखं: धोक्याची सूचना माणसासाठी लिहिलेली असते, मशीन ती वगळून पुढे जातं. शिवाय राँदलेच्या पुस्तकात साधूमाशाला खऱ्या माशांचाच शेजार होता, तसाच लाकडी ठसा होता. खऱ्या माशांनी खोट्याला जामीन दिला. म्हणजे बाकीचं पुस्तक जितकं प्रामाणिक, तितकं हे एक पान जास्त धोक्याचं.

मग जे पडताळता येत नाही ते छापूच नये? इतकं सोपंही नाही. १८५० च्या दशकात यापेटुस स्टीनस्ट्रुप या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने साधूमाशाची जुनी चित्रं आणि वर्णनं पुन्हा तपासली. त्याच्या मते तो महाकाय माकूल होता. पुढे काहींना तो एंजल शार्क वाटला. वाद मिटलेला नाही, पण वाद घालायला काही उरलं ते राँदलेसारख्यांनी चित्र फेकून दिलं नाही म्हणून.

म्हणून मला वाटतं, ऐकीव गोष्ट नोंदवणं हा गुन्हा नाही. मात्र ‘मी तर सांगितलं होतं’ म्हणून हात झटकणं पुरेसं नाही. लोक आपल्या ओळीवर नाही, आपल्यावर विश्वास ठेवून पुढे पाठवतात. तेव्हा शंका अशा जागी ठेवायला हवी, की चित्र उचलणाऱ्याला तीही उचलावी लागेल. हल्ली मी खात्री नसलेला फोटो पाठवलाच, तर आधी त्यावरच आडवं, ठळक लिहितो: पडताळलेलं नाही.

फोटो कुरूप दिसतो. मावशी तो पुढे पाठवत नाही.