घर विकल्यावर उरणारे कर्ज

अमेरिकेत घराची बाजारातली किंमत त्यावरच्या कर्जाच्या खाली गेली आणि मालकाला हप्ते झेपेनासे झाले, तर जप्ती टाळण्याचा एक मार्ग म्हणजे शॉर्ट सेल. मालक घर स्वतःच विक्रीला काढतो, गिऱ्हाईक शोधतो आणि खर्च वजा जाता आलेले सगळे पैसे कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जातात. ही रक्कम येण्यापेक्षा कमी असली तरी संस्था ती स्वीकारून घरावरचा बोजा उतरवते. खरेदीखतावर विक्रेता म्हणून मालकाचेच नाव असते; पण किंमत मान्य करायची की नाही हे त्याच्या हाती नसते आणि विक्रीतून त्याला सहसा एक डॉलरही मिळत नाही. वरवर घरविक्री दिसणारा हा व्यवहार मुळात कर्जाची तडजोड आहे. घर कितीला गेले यापेक्षा, घर गेल्यावर उरलेल्या कर्जाचे काय झाले, हा त्यातला कळीचा प्रश्न; आणि नेमका तोच घाईत विचारायचा राहून जातो.

शॉर्ट सेल पूर्वीही होत, पण क्वचित. २००६ च्या सुमारास अमेरिकेतल्या घरांच्या किमतींनी शिखर गाठले आणि २०१२ च्या सुरुवातीपर्यंत त्या देशभरात सरासरी चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरल्या. लास व्हेगससारख्या शहरात तर निम्म्याहून जास्त किंमत उडाली. तेजीच्या काळात अनेकांनी पदरचे काहीच न घालता घरे घेतली होती : किमतीच्या ऐंशी टक्क्यांचे पहिले कर्ज आणि उरलेल्या वीस टक्क्यांसाठी दुसरे. इतर काहींनी वाढलेल्या किमतीवर पुन्हा कर्ज उचलून मुलांची शिक्षणे, आजारपणे, जुनी देणी भागवली होती. किमती कोसळल्यावर गहाण घरांपैकी सुमारे चौथा हिस्सा घरे कर्जापेक्षा कमी मोलाची ठरली आणि त्याच वेळी नोकऱ्याही जात होत्या. या लोकांना बेजबाबदार ठरवणे सोपे होते आणि तसे ठरवलेही गेले. अडचण आली की घर विकून मोकळे व्हायचे, ही एरवीची वाटच त्यांच्यापुढे बंद झाली होती, ही गोष्ट मात्र त्या टीकेत हरवून गेली.

तडजोड करायची तर समोर कोण आहे हे आधी कळावे लागते. ज्या कंपनीकडे दरमहा हप्ता जातो ती पुष्कळदा कर्जाची मालक नसते; ती हप्ते गोळा करणारी आणि हिशेब ठेवणारी सर्व्हिसर असते. कर्ज फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या घरकर्जे विकत घेणाऱ्या संस्थांनी घेतलेले असते, नाहीतर हजारो कर्जांची मोट बांधून काढलेल्या रोख्यांच्या ट्रस्टमध्ये गेलेले असते. घर घेताना वीस टक्क्यांपेक्षा कमी रक्कम भरली असेल, तर कर्जविमा कंपनीचीही संमती लागू शकते, कारण तुटीचा काही भाग तिला भरून द्यावा लागतो. केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाची (एफएचए) हमी असलेल्या कर्जाला वेगळे नियम, माजी सैनिकांच्या कर्जाला आणखी वेगळे. त्यामुळे फोनवरचा कर्मचारी ‘होईल’ म्हणाला, यावर विसंबणे धोक्याचे. कर्ज फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक यांपैकी कोणाकडे आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळांवर पाहता येते. सर्व्हिसरला लेखी विचारल्यास कर्जाचा मालक कोण हे त्याला सांगावेच लागते. ही चौकशी पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी, कारण पुढचे सगळे नियम या एका उत्तरावर ठरतात.

त्यानंतर कागदपत्रे. दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे, अलीकडच्या पगारचिठ्ठ्या, दोन महिन्यांची बँक विवरणे, दरमहा जमाखर्चाचा तक्ता, एजंटशी झालेला विक्रीचा करार आणि एजंटला किंवा वकिलाला सर्व्हिसरशी बोलता यावे यासाठी सहीचे अधिकारपत्र. या गठ्ठ्यात सगळ्यात जास्त वाचले जाते ते अडचणीचे पत्र. त्यात करुणेला नव्हे, तारखांना किंमत असते : नोकरी कधी गेली, आजार कधी निघाला, घटस्फोट कधी झाला, उत्पन्न कितीवरून कितीवर आले आणि ही अडचण चार-सहा महिन्यांत सुटणारी का नाही. पत्रातला आकडा बँक विवरणाशी जुळला नाही, तर फाइल परत येते. पगारचिठ्ठी जुनी झाली तरी परत येते. महिनोन्महिने रखडलेल्या कित्येक प्रकरणांचे मूळ कारण एखादे गहाळ पान एवढेच होते, हे त्या काळातल्या एजंटांनी जवळून पाहिले आहे.

किंमत ठरवण्यासाठी संस्था आपला माणूस पाठवते. स्थानिक दलालाकडून घराच्या किमतीचे मत मागवले जाते किंवा रीतसर मूल्यांकन होते. इथे विक्रेत्याच्या एजंटाने हजर राहून छताची गळती, घर तापवणारी बंद पडलेली भट्टी, शेजारच्या जप्त घराचा विक्रीदर हे सारे दाखवून देणे फार मोलाचे असते. एकदा आकडा फुगून नोंदला गेला की तो खाली आणायला पुन्हा महिने जातात.

संस्था विचार करते तो हाती पडणाऱ्या निव्वळ रकमेचा. समजा घरावर पहिले कर्ज ४,१०,००० डॉलर आहे, दुसरे ५०,००० आणि गिऱ्हाईक ३,००,००० द्यायला तयार आहे. एजंटांची दलाली सहा टक्क्यांनी १८,०००, थकलेला मालमत्ता कर ४,५००, मालकीहक्क (टायटल) तपासणारी टायटल कंपनी आणि नोंदणीचा खर्च ३,५००, वसाहतीच्या संस्थेची थकबाकी २,००० आणि दुसऱ्या कर्जदात्याला ६,०००. एकूण ३४,००० वजा जाता पहिल्या संस्थेला २,६६,००० मिळतात. जप्ती केली तर वकिलाचा खर्च, रिकाम्या घराची राखण, दुरुस्ती, त्या काळातला कर आणि विमा, शिवाय जप्त घर म्हणून पडणारा दर. हे सगळे धरून निव्वळ रक्कम कमी भरत असेल, तर शॉर्ट सेल मान्य होते. संस्थेपुढे दोनच तोटे असतात आणि ती लहान तोटा निवडते. मालकाने आपली बाजू याच हिशेबात मांडावी. याच भाषेत तिकडे निर्णय होतात.

वरच्या हिशेबातले ६,००० डॉलर छोटे दिसतात, पण पुष्कळ व्यवहार तिथेच अडले. जप्ती झाली तर दुसऱ्या कर्जदात्याच्या हाती बहुधा काहीच लागत नाही. तरी त्याने आपला बोजा सोडल्याशिवाय निर्वेध टायटल मिळत नाही. त्यामुळे त्याचा नकार म्हणजे सौदेबाजीचे हत्यार. पहिली संस्था म्हणे, दुसऱ्याला इतकेच द्या. दुसरा म्हणे, एवढ्यात भागत नाही. आणि तोवर गिऱ्हाईक दुसरे घर घेऊन मोकळे. फॅनी मे आणि फ्रेडी मॅकने नोव्हेंबर २०१२ पासून दुसऱ्या कर्जदात्यांसाठी ६,००० डॉलरची मर्यादा घालून ही ओढाताण बरीच आवरली. त्याच नियमांनी हप्ते न थकलेल्या कर्जदारालाही मृत्यू, घटस्फोट, अपंगत्व किंवा नोकरीसाठी दूरची बदली अशा कारणांवरून शॉर्ट सेलची दारे उघडली. त्याआधी ‘हप्ते थकवल्याशिवाय फाइलच उघडत नाही’ असा अनुभव येई आणि प्रामाणिकपणे हप्ते भरणाऱ्याला त्याची शिक्षाच होई.

वेळेचा प्रश्न याहून क्रूर होता. सर्व्हिसरच्या एका विभागात शॉर्ट सेलची फाइल सरकत असे आणि दुसरा विभाग जप्तीची तारीख नक्की करत असे. मंजुरीची वाट पाहणाऱ्या कुटुंबाचे घर लिलावात निघून गेल्याचे प्रकार घडले. फेब्रुवारी २०१२ मध्ये ४९ राज्ये, केंद्र सरकार आणि पाच मोठे सर्व्हिसर यांच्यात सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड झाली, तीत या दुहेरी कारभारावर बंधने आली. जानेवारी २०१४ पासून ग्राहक आर्थिक संरक्षण ब्युरोचे नियम लागू झाले : हप्ते १२० दिवस थकेपर्यंत जप्तीची पहिली कारवाई सुरू करता येत नाही, आणि लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पूर्ण अर्ज पोहोचला, तर त्याचा निकाल लागेपर्यंत लिलाव पुढे रेटता येत नाही. ‘पूर्ण’ या अटीवर सगळे अवलंबून आहे, म्हणून अर्ज पोहोचल्याची लेखी पोच हातात हवी.

अखेर मंजुरीपत्र येते. दोन-तीन पानी कागद, त्यात किमान निव्वळ रक्कम, व्यवहार पुरा करण्याची शेवटची तारीख, खरेदीदार विक्रेत्याचा नातलग नाही आणि विक्रेता त्याच घरात राहणार नाही अशी प्रतिज्ञा. आणि त्यात कुठेतरी दोनपैकी एक वाक्य असते. एक म्हणते की ही रक्कम मिळाल्यावर संस्था घरावरचा बोजा सोडेल. दुसरे म्हणते की कर्जाची पूर्ण फेड झाली असे मानून संस्था उरलेली रक्कम मागणार नाही. पहिल्याने घर मोकळे होते, माणूस नाही. वरच्या उदाहरणात पहिल्या कर्जाचे १,४४,००० आणि दुसऱ्याचे ४४,००० डॉलर घर गेल्यावरही डोक्यावर राहू शकतात. भारतीय वाचकाला हे ओळखीचे आहे. सरफेसी कायद्याखाली लिलाव झाला तरी उरलेले येणे बँक कर्जवसुली न्यायाधिकरणातून मागू शकते.

कॅलिफोर्नियात महामंदीच्या काळापासून एक संरक्षण होते : न्यायालयाबाहेरच्या लिलावाने घर गेले, तर लिलाव करणारी संस्था तुटीसाठी कर्जदाराच्या मागे लागू शकत नसे. पण स्वतःहून शॉर्ट सेल करणाऱ्याला ते स्पष्टपणे लागू नव्हते. म्हणजे सहकार्य करणारा अधिक उघडा पडत होता. २०११ मध्ये टप्प्याटप्प्याने ही त्रुटी बुजवली गेली, आधी पहिल्या कर्जासाठी आणि जुलैपासून दुसऱ्यासाठीही. त्याआधीच्या एका विक्रीचा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मंजुरीपत्रात तुटीची जबाबदारी कर्जदाराची असे लिहिलेले होते आणि पुढे वसुलीचे पत्रही आले. २०१६ मध्ये न्यायालयाने ठरवले की घरखरेदीसाठीच घेतलेल्या कर्जाचे संरक्षण शॉर्ट सेललाही आहे आणि ते असे लिहून घेऊन काढता येत नाही. सगळ्या राज्यांत असा आधार नाही. केंद्र सरकारच्या २०१० ते २०१६ या काळातल्या, जप्तीला पर्याय देणाऱ्या हाफा योजनेत उरलेले कर्ज सोडणे बंधनकारक होते आणि स्थलांतरासाठी आरंभी ३,००० डॉलर दिले जात. आता योजना संपली असल्याने उरलेली रक्कम मागणार नाही हे वाक्य मंजुरीपत्रात मागूनच घ्यावे लागते.

कर्ज सोडले की आयकर खाते जागे होते. माफ झालेले कर्ज हे उत्पन्न मानले जाते आणि संस्था त्याचा १०९९-सी फॉर्म पाठवते. डिसेंबर २००७ च्या कायद्याने राहत्या घराच्या अशा कर्जाला सूट दिली. तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली, २०२० च्या कायद्याने ती २०२५ अखेरपर्यंत नेताना मर्यादा ७,५०,००० डॉलरवर आणली. याशिवाय एक कायमची वाट आहे : कर्जमाफीच्या क्षणी एकूण देणी एकूण मालमत्तेपेक्षा जास्त होती असे दाखवता आले, तर तेवढ्यापुरता कर लागत नाही. त्यासाठी ९८२ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात एच-१बी व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना यात आणखी एक गाठ पडते. नोकरी गेल्यावर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात; शॉर्ट सेलला त्याहून बरेच महिने लागतात. भारतात परतून कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार पुरा करता येतो, पण ते टायटल कंपनी आणि सर्व्हिसर दोघांनाही आधी मान्य असावे लागते. दरम्यान विक्रेता करदृष्ट्या अनिवासी ठरला, तर खरेदीदाराने साधारणपणे किमतीच्या १५ टक्के रक्कम करापोटी कापून ठेवायची असते. शॉर्ट सेलमध्ये ही रक्कम येणार कुठून? कपात कमी करण्याच्या प्रमाणपत्रासाठी क्लोझिंगपूर्वी, म्हणजे व्यवहार पुरा होण्याआधी, अर्ज करणे हाच उपाय. निघण्याआधी कर सल्लागाराची एक भेट इथे अनेक महिन्यांची फरफट वाचवते.

अडचणीतल्या माणसाभोवती ठगही जमतात. ‘बँकेशी आम्ही बोलतो’ म्हणून आगाऊ फी घेऊन पसार होणाऱ्यांमुळे जानेवारी २०११ अखेर अशा आगाऊ फीवर केंद्रीय बंदी आली. संस्थेचा लेखी प्रस्ताव कर्जदाराने स्वीकारण्याआधीच पैसे मागणारा मध्यस्थ, किंवा सर्व्हिसरला न दाखवता टेबलाखालून रक्कम देऊ करणारा खरेदीदार, दोघांनाही दूर ठेवणेच योग्य. दुसऱ्याच्या बाबतीत विक्रेताही फसवणुकीत गोवला जातो.

पतअहवालात शॉर्ट सेलची नोंद सात वर्षे राहते. नवे कर्ज मिळायला मात्र जप्तीपेक्षा कमी थांबावे लागते : फॅनी मेच्या नियमांत साधारणपणे जप्तीनंतर सात वर्षे, शॉर्ट सेलनंतर चार. हा फायदा कागदावर टिकावा लागतो. शॉर्ट सेल आणि जप्ती यांची पतनोंदीत गल्लत होऊन पात्र लोकांचे अर्ज नाकारले जात असल्याने २०१३ मध्ये फॅनी मेला आपल्या संगणकीय छाननीत बदल करावा लागला. अशी चूक दुरुस्त करून घ्यायला मंजुरीपत्र आणि क्लोझिंगचे अंतिम हिशेबपत्रक हेच दोन कागद लागतात, आणि नव्या कर्जाचा अर्ज करण्याच्या काही महिने आधीच तिन्ही पतमाहिती कंपन्यांचे अहवाल मागवून ती नोंद तपासावी लागते.