ऐकणारे अंतःकरण



आजच्या पहिल्या वाचनात गिबोन येथे देव तरुण शलमोन राजाच्या स्वप्नात येतो आणि हवे ते माग म्हणून सांगतो. शलमोन दीर्घायुष्य मागत नाही, धन मागत नाही, शत्रूंचा नाशही मागत नाही. त्याने शहाणपण मागितले, असे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. मूळ इब्री भाषेतले शब्द मात्र जरा वेगळे आहेत. त्याने मागितले ते ‘ऐकणारे अंतःकरण’.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो ते मुख्यतः ग्रीकांच्या वाटेने. प्लेटोसाठी जाणणे म्हणजे मनाच्या डोळ्यांनी पाहणे. ‘आयडिया’ या शब्दाच्या मुळाशीच ‘पाहणे’ आहे. इब्री माणसाचे शहाणपण कानातून अंतःकरणात जाते आणि तिथून हातात उतरते. निर्गमाच्या पुस्तकात सोने, चांदी आणि लाकूड घडवणारा बसालेल शहाणा म्हटला आहे, आणि निवासमंडपासाठी सूत कातणाऱ्या स्त्रियाही. त्यांच्यासाठी वापरलेला शब्द तोच, जो राजा शलमोनासाठी वापरला आहे!

प्रत्येक समाजाचे असे आपले माप असते आणि त्या मापात न बसणारे शहाणपण त्याला वेडेपणा वाटते. करिंथ शहरात संत पौलाला हाच अनुभव आला. ग्रीकांना युक्तिवाद हवा होता, यहुद्यांना चिन्हे हवी होती. क्रुसावर टांगलेला ख्रिस्त दोघांच्याही मापात बसेना.

आणि आपले माप? मराठीत विद्वानाला ‘बहुश्रुत’ म्हणतात, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो. शब्द चांगला आहे, पण आज मुलगा हुशार आहे का असे विचारले की आईवडील टक्के सांगतात. फाडफाड इंग्रजी बोलणारा तो शहाणा. मीही याच मापाने मोजत आलो आहे.

काही वर्षांपूर्वी एका घरात दोन भावांचा वाडीतल्या विहिरीवरून वाद होता. दोघेही शिकलेले. मी कागदपत्रे मागवली, नकाशा पाहिला, पाण्याच्या पाळ्या लिहून दिल्या. तीन बैठका झाल्या, तरी कोणी सही करीना. त्यांची आई ओट्यावर भाजी निवडत बसलेली असे. तिला अक्षरओळख नव्हती आणि आम्ही कोणी तिला काही विचारलेही नव्हते. तिसऱ्या बैठकीनंतर मी निघालो, तेव्हा ती हळूच म्हणाली, “फादर, भांडण विहिरीचं नाहीच. बाप आजारी होता तेव्हा दवाखान्यात रात्री कोण बसलं, त्याचं आहे.”

मी तिथेच पुन्हा बसलो. चपला घातलेल्याच होत्या.

त्या दोन आयांचा न्याय करताना शलमोनाने तरी काय केले? आधी दोघींचे ऐकून घेतले. खरी आई कोणती, ते तिच्या बोलण्यातूनच कळले.

म्हातारी माणसे नेहमीच बरोबर असतात, असे मी म्हणत नाही. मुलींना जास्त शिकवू नका, हे सांगणारी वडीलधारी मंडळीच होती. शलमोन स्वतः म्हातारपणी देवापासून दूर गेला. वयाने शहाणपण येतेच असे नाही. पण पुष्कळ घरांत ते ओट्यावर बसलेले असते आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतो.

त्या भावांनी अजून सही केलेली नाही. पाणी मात्र दोघेही भरतात आणि आईच्या वर्षाच्या मिस्साला दोघे एका बाकावर बसले होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी राखून ठेवला. तो आज आहे. सकाळच्या मिस्सानंतर त्यांना आशीर्वाद देण्यात येईल. ज्यांना चालवत नाही त्यांची नावे कार्यालयात द्यावीत, या आठवड्यात मी कम्युनियन घेऊन घरी येईन. घाईत येणार नाही, थोडा वेळ बसेन.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू