कराचा पैसा आणि कुणाचा विवेक

गर्भपाताला पाप मानणारा माणूस कर भरतो. त्या करातले पैसे गर्भपात करणाऱ्या संस्थेकडे गेले, तर पापाचा वाटा त्याच्याही पदरी येतो का? अमेरिकेतल्या अनेक ख्रिस्ती मतदारांना हा प्रश्न मनापासून छळतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही.

कायद्याने त्यावर एक तोडगा केव्हाच काढला आहे. १९७६च्या हाइड दुरुस्तीपासून, मोजके अपवाद सोडले तर, गरिबांसाठीच्या मेडिकेड या आरोग्ययोजनेतला केंद्राचा पैसा गर्भपातासाठी वापरता येत नाही. टेक्सासला तेवढं पुरलं नाही. २०११ साली तिथल्या विधिमंडळाने कुटुंबनियोजनाची दोन वर्षांची तरतूद ११ कोटी डॉलरवरून ३ कोटी ८० लाखांच्या आसपास आणली. रोख होता गर्भनिरोधकांसोबत गर्भपाताचीही सेवा देणाऱ्या प्लॅन्ड पॅरेंटहुड या संस्थेवर. पण राज्यातली सुमारे पाव कुटुंबनियोजन केंद्रं बंद पडली आणि त्यांतली बरीचशी त्या संस्थेची नव्हतीच. पुढे जानेवारी २०१३पासून गरीब स्त्रियांच्या आरोग्ययोजनेतून त्या संस्थेचे दवाखाने वगळले गेले. ही योजना गर्भपाताचा खर्च मुळीच देत नव्हती. तिच्यात मिळायची ती गर्भनिरोधकं आणि तपासण्या.

गर्भनिरोधक इंजेक्शनचंच बघा. त्याचा असर तीन महिने टिकतो. म्हणजे बाईने दर तीन महिन्यांनी कामावर खाडा करायचा, लेकरांची सोय लावायची आणि दवाखाना गाठायचा. ओळखीचा दवाखाना यादीतून गेला की नवा शोधायला हवा, आणि तोवर तारीख उलटून जाते. २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात त्याचा परिणाम दिसला: वगळलेले दवाखाने ज्या कौंटींत होते तिथे, हे इंजेक्शन घेत आलेल्या स्त्रियांमध्ये मेडिकेडच्या खर्चाने होणारी बाळंतपणं २७ टक्क्यांनी वाढली.

कॅथलिक नीतिशास्त्राला हा पेच नवा नाही. दुसऱ्याच्या पापात मनाने सामील होणं वेगळं आणि लांबून हातभार लागणं वेगळं, हा भेद अठराव्या शतकात अल्फोन्सस लिगुओरी यांनी मांडला. सक्तीने भरलेला कर दुसऱ्या प्रकारात मोडतो. यावर आक्षेप असा की पैशात पैसा मिसळतो. गर्भनिरोधकांसाठी दिलेल्या रकमेमुळे संस्थेची दुसरी रक्कम मोकळी होते. आक्षेपात तथ्य आहे. पण मग युद्धाला पाप मानणाऱ्या क्वेकरालाही करातून सूट द्यावी लागेल, आणि अमेरिका ती देत नाही. पेनसिल्व्हेनियातला एक आमिश शेतकरी सामाजिक सुरक्षा कर आपल्या धर्माविरुद्ध आहे म्हणून न्यायालयात गेला होता. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचं म्हणणं फेटाळलं: ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे सूट दिली तर करव्यवस्थाच चालणार नाही.

म्हणजे एकट्यादुकट्याच्या विवेकाने मुकाट कर भरायचा आणि बहुमतातल्या विवेकाने अर्थसंकल्प लिहायचा. हा न्याय नव्हे. शिवाय विवेक दवाखान्यात ताटकळणाऱ्या बाईलाही असतो. किती लेकरं आपण नीट वाढवू शकू, हा तिचाही धर्मविचारच आहे; विधिमंडळात तो कुणी मोजला नाही.

प्लॅन्ड पॅरेंटहुडला मेडिकेडमधून वगळणाऱ्या साउथ कॅरोलिना राज्याच्या खटल्यात जून २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. मेडिकेडच्या कायद्यात पात्र डॉक्टर निवडण्याची मुभा आहे. पण राज्याने ती डावलली तर त्या तरतुदीच्या आधारे रुग्णाला स्वतः दावा लावता येणार नाही. राज्याला वठणीवर आणायचं ते केंद्र सरकारने, निधी रोखून. आणि निधी रोखला की पुन्हा त्याच स्त्रियांचे दवाखाने अडचणीत.