उतराई

गेल्या पावसाळ्यांत एका सायंकाळीं माझा एक जुना विद्यार्थी आमच्या माटुंग्याच्या घरीं आला. चहा झाल्यावर त्यानें एक पाकीट पुढें ठेविलें. पूर्वी त्याची एका वर्षाची फी मीं भरली होती, ती रक्कम त्यांत होती. "सर, आज उतराई झालों," असें म्हणून त्यानें नमस्कार केला. मीं पाकीट घेतलें. न घेतों तर तो मिंधा राहता. तथापि तो जिना उतरून गेल्यावर कांहीं हरवल्यासारखें वाटलें, आणि तो शब्द मनांत घोळत राहिला.

हिंदींत उतराई म्हणजे नावाड्याचें भाडें. तुलसीदासांच्या रामचरितमानसांत गंगेपार झाल्यावर श्रीराम केवटाला सीतेची अंगठी उतराई म्हणून देऊं लागतात, व तो ती घेत नाहीं. मराठींत हा शब्द पैशावरून माणसावर आला. येथें उतराई देत नाहींत, माणूसच उतराई होतो. आणि गंमत अशी कीं, आपण तो बहुधा नकारांत किंवा प्रश्नांतच योजतों. तुकोबांनींही संतांच्या उपकारांविषयीं तो प्रश्नांतच घातला आहे. कर्ज फिटलें असें आपण सुखानें म्हणतों. 'मी आईचा उतराई झालों' असें म्हणणारा मला अद्याप भेटावयाचा आहे.

आरिस्टॉटलचा थोर मनाचा पुरुष उपकार घेण्यास लाजतो, आणि घेतल्याहून अधिक परत करितो; हेतु हा कीं, देणाराच ऋणी व्हावा. ही थोरवी मला कधींच पटली नाहीं. वाल्मीकींच्या उत्तरकांडांतला राम हनुमंताला म्हणतो कीं, तुझा उपकार माझ्याच अंगीं जिरून जावो. कारण तो फेडण्याची वेळ यावयाची तर तुझ्यावर संकट यावें लागेल. फेडण्याच्या उतावीळपणांत केवढें अशुभ दडलेलें असतें!

हें सर्व मीं त्या मुलाला ऐकविणार होतों. पण हें बोलणें मला सोपें, कारण मी देणारा. तैत्तिरीय संहितेनें ऋषि, देव व पितर यांचीं ऋणें जन्मालाच जोडलीं. पण अध्ययन, यज्ञ आणि प्रजा या त्यांतून सुटण्याच्या वाटाही तेथेंच सांगितल्या. मीं त्याला कोणती वाट ठेविली होती? एकदां चार लोकांत, "याची फी मीं भरली होती हो," असें मी कौतुकानें बोलून गेलों होतों. तो तेव्हां हसला होता.

पाकीट अद्याप टेबलाच्या खणांत तसेंच आहे.