पाठ आधी की अर्थ?

मंत्रांना अर्थ असतो का, या प्रश्नावरचा एक जुना वाद यास्कांच्या ‘निरुक्ता’त नोंदलेला आहे. कौत्साचा पक्ष असा की मंत्र निरर्थक आहेत. त्यांतले शब्द ठरलेले, क्रमही ठरलेला. यास्क हे मत खोडून काढतात. वेद पाठ करूनही अर्थ न जाणणारा माणूस म्हणजे नुसता भार वाहणारा खुंट, असे तिथे सांगितले आहे. पहिली-दुसरीच्या वर्गात मुले एका सुरात कविता म्हणू लागली की हाच वाद नव्याने उभा राहतो. कुणी म्हणते, ही पोपटपंची आहे, आधी अर्थ समजावा. कुणी म्हणते, आधी पाठ होऊ द्या, अर्थ पुढे आपोआप कळेल. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे आवृत्ती आणि अर्थ या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. ओघवते वाचन कसे घडते हे पाहिले, तर हे गृहीतकच टिकत नाही.

भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त याचा मूलगामी विचार केला आहे. त्याच्या मते अर्थ सुट्या वर्णांत नसतो, तो अखंड वाक्यात असतो. पण ऐकणाऱ्यापर्यंत वर्ण मात्र एकामागून एक येतात. प्रत्येक ध्वनी मागे एक संस्कार ठेवतो आणि शेवटच्या ध्वनीसरशी सगळे एकदम उजळते. हे स्पष्ट करताना तो दाखला देतो श्लोक पाठ होण्याचाच. आवृत्तीमागून आवृत्ती होत श्लोक आपलासा होतो, मात्र कोणत्याही एका आवृत्तीत तो पुरता हाती आला असे दाखवता येत नाही. अडखळत वाचणाऱ्या मुलाची अडचण नेमकी इथे असते. वेलांटी आणि जोडाक्षर सोडवता सोडवता ते ओळीच्या शेवटी पोहोचते, तोवर ओळीची सुरुवात मनातून निसटलेली असते. अक्षरे सगळी ओळखली, पण वाक्य हाती लागले नाही.

आधुनिक मानसशास्त्राचा निष्कर्षही याच्या जवळ जातो. लाबर्ज आणि सॅम्युएल्स यांनी 1974 साली मांडले की माणसाचे अवधान मर्यादित असते. अक्षरे ओळखण्यातच ते खर्च झाले तर अर्थासाठी उरत नाही. पुढे 1979 मध्ये सॅम्युएल्स यांनी मुलांना छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचायला देण्याची पद्धत वर्णिली. तिच्यात महत्त्वाचे हे की मुले पुढचा, न वाचलेला उताराही पहिल्याच खेपेला आधीपेक्षा वेगाने वाचू लागली. म्हणजे आवृत्तीने फक्त तो मजकूर पाठ झाला नव्हता, वाचनाची शक्ती वाढली होती. आता गद्याचा एक उतारा चार वेळा वाचायला सांगितला तर मूल कंटाळते; कविता मात्र ते आपणहून पुन्हा म्हणते. ओळ आखूड असते, यमक पुढच्या शब्दाची चाहूल देते आणि लय कुठे थांबायचे ते सांगते. आवृत्तीला कंटाळ्याऐवजी आनंद जोडण्याचे हे काम दुसऱ्या कोणत्याही मजकुराला इतके साधत नाही.

यावरचा पहिला आक्षेप खरा आहे: पाठ झालेली कविता मूल वाचतच नाही, नजर छतावर ठेवून म्हणते. म्हणून कविता डोळ्यांसमोर हवी, बोट शब्दाखाली हवे आणि अधूनमधून कडव्यांचा क्रम बदलायला हवा. त्याच लयीतले एखादे नवे कडवे दिले की वाचन किती आणि स्मरण किती, हे लगेच कळते. दुसरा आक्षेप भाषेचा. कवितेतला शब्दक्रम बोलण्यातला नसतो. शिवाय अक्षरगणवृत्तात बोलताना गळणारा शेवटचा ‘अ’ही पूर्ण उच्चारावा लागतो. भुजंगप्रयातातले मनाचे श्लोक पाठांतराला उत्तम असले, तरी वाचायला नुकत्याच लागलेल्या मुलासाठी विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’सारख्या संग्रहातल्या, बोलीच्या जवळ असणाऱ्या कविता अधिक सोयीच्या. गद्याला तर पर्याय नाहीच. कवितेने कमावलेला ओघ शेवटी गद्यातच वापरायचा असतो.

तिसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो. नामस्मरणात अर्थ कळला नाही तरी उच्चार फळतो. मग मुलाच्या पाठाला अर्थाची अट कशाला? हरिपाठ म्हणणाऱ्या वारकऱ्याची श्रद्धा इथे खोडून काढण्याचे कारण नाही. पण उपासनेतली आवृत्ती देवाकडे वळलेली असते, वाचनातली आवृत्ती मजकुराकडे. पहिलीचे फळ भक्ताने ठरवावे. दुसरीचे फळ समज हेच आहे, आणि ती नसेल तर यास्कांचा ठपका शाळेवर बसतो. 2021 साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीपर्यंत समजून वाचता येणे हे ध्येय ठेवले आहे. मिनिटाला किती शब्द, एवढ्यावरच ते मोजले तर कौत्साचा पक्ष मागच्या दाराने शाळेत शिरेल. तेव्हा शिक्षकांनी कविता रोज वाचून घ्यावी, पुन्हा पुन्हा घ्यावी आणि प्रत्येक वेळी अर्थाचा एक तरी नवा प्रश्न विचारावा.